अजून खाली कोण आहे?

धरून ठेवणं हे दुःखाचं मूळ आणि सोडून देणं हा मोठा गुण, हे आम्हां बौद्ध घरांतल्या मुलांच्या कानावर फार लवकर पडतं. ते मी मानते. पण माझ्या कामानं त्याच्या शेजारी एक दुसरा प्रश्न आणून ठेवला आहे आणि तो मला सोडत नाही. वेळेआधी सोडणं हेही तितकंच अकुशल कर्म नाही का? एखादी गोष्ट संपवण्याचा अधिकार नेमका कुणाचा, आणि तो कधी वापरायचा? तृष्णेवर आपल्याकडे अडीच हजार वर्षं विचार झाला. घाईनं हात झटकण्यावर त्या मानानं फार थोडा झाला, असं मला वाटतं.

मी राजूरची. वणी तालुक्यातलं हे गाव लोक राजूर कॉलरी म्हणूनच ओळखतात. भूमिगत कोळसा खाण, चुन्याच्या भट्ट्या आणि त्या दोन्हींच्या आधारानं कुठून कुठून आलेली माणसं, तेलुगू बोलणारी, छत्तीसगढी बोलणारी, आमच्यासारखी वऱ्हाडी. आजोबा १६ ऑक्टोबर १९५६ ला चांद्याला बाबासाहेबांच्या हस्ते धम्मदीक्षा घेऊन आले. वडील खाणीच्या लॅम्परूममध्ये होते. मी संगणकाचं शिकले, पुण्यात राहिले आणि आता आईजवळ राहून घरूनच काम करते. काम सर्व्हरचं. मालवाहू ट्रकांमध्ये बसवलेली छोटी यंत्रं आपली जागा आणि भाराची माहिती सतत पाठवत असतात. हजारो गाड्यांचं बोलणं एकाच वेळी ऐकून घेणारा प्रोग्रॅम आम्ही सांभाळतो.

हा प्रोग्रॅम असिंक्रोनस पद्धतीचा आहे. जुन्या पद्धतीत प्रत्येक गाडीसाठी एक थ्रेड, म्हणजे कामाचा एक स्वतंत्र धागा, अडकून बसायचा. गाडी बोलेपर्यंत तो काहीच करायचा नाही. हजारो गाड्यांना ते परवडत नाही. म्हणून नव्या पद्धतीत प्रोग्रॅम ऑपरेटिंग सिस्टिमला सांगून ठेवतो, ‘या गाडीकडून काही आलं की हे फंक्शन चालव,’ आणि लगेच दुसऱ्या कामाला लागतो. त्या फंक्शनला आम्ही हँडलर म्हणतो. प्रत्येक गाडीसाठी मेमरीत एक सेशन तयार केलेलं असतं. त्यात त्या गाडीचा क्रमांक, अर्धवट आलेला मजकूर आणि तिचा टाइमर असतो. हँडलर परत येईल तेव्हा त्याला हे सेशन जागेवर सापडायला हवं. सगळी व्यवस्था या एका भरवशावर चालते. आता मागितलेलं काम पुढे कधीतरी पूर्ण होईल, आणि ते होईल तेव्हा मागणारा हजर असेल.

आता गाडी एखाद्या डोंगराआड गेली. नेटवर्क नाही. टाइमर वाजला. सर्व्हरनं ठरवलं, ही गाडी गेली. त्यानं सेशन पुसलं आणि ती मेमरी मोकळी केली. ती मोकळी जागा लगेच दुसऱ्या, नुकत्याच जोडल्या गेलेल्या गाडीला मिळाली. पण पहिल्या गाडीसाठी बाहेर पाठवलेला हँडलर अजून परतायचाच होता. तो परतला, जुन्या पत्त्यावर गेला आणि ‘हे कनेक्शन बंद’ अशी खूण करून मोकळा झाला. पत्ता तोच होता, राहणारा बदलला होता. ज्या गाडीचा या सगळ्याशी काही संबंध नाही तिचं बोलणं मधेच तुटलं. एका जुन्या सर्व्हरमधला हा दोष शोधायला मला बसवलं होतं. तो दिवसा दिसायचा नाही. रात्री गाड्यांची गर्दी वाढली की दिसायचा, आणि दरवेळी वेगळ्याच गाडीवर. चूक करणारा एक आणि भोगणारा दुसरा. वेळेआधी संपवण्याचं हे लक्षण मी तेव्हापासून विसरलेले नाही.

हा दोष सापडला तेव्हा मला वडिलांची लॅम्परूम आठवली.

खाणीत उतरणारा प्रत्येक माणूस आधी खिडकीशी येतो, आपलं टोकन देतो आणि टोपीवरचा दिवा घेतो. दिव्याच्या रिकाम्या जागी टोकन लटकतं. पाळी संपवून वर आला की दिवा जमा, टोकन परत. फळ्यावर टोकन लटकतं आहे तोवर तो माणूस खाली आहे. या क्षणी जमिनीखाली कोण आहे हे नोंदीवरून कळलंच पाहिजे, हा १९५२ च्या खाण कायद्याचाही आग्रह होता. पण बाबांनी ते कधी कायदा म्हणून सांगितलं नाही. ते म्हणायचे, “दिवा नाही आला म्हनजे मानूस नाही आला. बाकी सारं बोलनं.”

एका संध्याकाळी एक टोकन लटकत राहिलं. पाळी संपून बराच वेळ झाला होता. दोघांनी शपथेवर सांगितलं की तो माणूस केव्हाच घरी गेला. एकानं तर त्याला चहाच्या टपरीवर पाहिलं होतं. “काहून बसला रे, चाल ना आता,” असं सोबती म्हणत राहिले. बाबा उठले नाहीत. त्यांनी खाली फोन लावायला लावला. तो माणूस खालीच होता. पाणी वाढलं म्हणून त्याला पंपावर डबल पाळीसाठी थांबवलं होतं आणि निरोप वर पोचायचा राहिला होता. आवाज आला नाही याचा अर्थ माणूस नाही असा होत नाही, हे मी त्या घरात शिकले. डोंगराआडच्या गाडीबद्दल टाइमरनं तेवढंच समजून घ्यायला हवं होतं.

संगणकात ही टोकनाची रीत १९६० सालची आहे. जॉर्ज कॉलिन्स यांनी त्या वर्षी मांडलं की प्रत्येक वस्तूला कितीजण धरून आहेत ते मोजत जावं, आणि मोजणी शून्यावर आली की ती वस्तू मोकळी करावी. त्याच वर्षी जॉन मॅकार्थी यांनी लिस्प भाषेसाठी वेगळा मार्ग दिला. मधूनमधून सगळी मेमरी झाडायची आणि जिथवर कुणीच पोचू शकत नाही ते काढून टाकायचं. आमच्या सी प्लस प्लसमध्ये पहिली रीत चालते. २०११ च्या प्रमाण आवृत्तीत ती भाषेच्या ग्रंथालयातच आली, तिला शेअर्ड पॉइंटर म्हणतात; पॉइंटर म्हणजे वस्तूचा मेमरीतला पत्ता. सर्व्हर लिहिताना प्रत्येक हँडलरच्या हाती सेशनचा असा एक पॉइंटर द्यायचा. तो बाहेर आहे तोवर मोजणी शून्य होत नाही. टाइमर वाजला तर सॉकेट, म्हणजे गाडीशी बोलण्याची वाट, बंद करायचं, सेशन पुसायचं नाही. सॉकेट बंद झालं की अडकलेले सगळे हँडलर ‘काम रद्द झालं’ असा निरोप घेऊन परत येतात, एकेक करून पॉइंटर सोडतात, आणि शेवटचा सुटला की सेशन आपोआप जातं.

याची खाणीशी तुलना एका जागी उलटी होते, ते सांगायला हवं. खाणीत जपायचा असतो तो माणूस. सर्व्हरमध्ये माणसासारखा बाहेर गेलेला हँडलर असतो, आणि जपायची असते ती त्याची परत येण्याची जागा. पण प्रश्न दोन्हीकडे तोच: अजून खाली कोण आहे?

या व्यवस्थेत मला बुद्धाचा प्रतीत्यसमुत्पाद उघड दिसतो. कुठलीही गोष्ट स्वतःच्या बळावर नसते. ती कारणांच्या आधारानं असते, आधार आहेत तोवर असते, ते गेले की जाते. सेशन कधी संपायचं ते सेशन ठरवत नाही, सर्व्हरचा मालकही नाही. ज्यांना त्याची गरज आहे त्यांचं असणं हेच त्याचं आयुष्य.

यात अनात्माची गोष्टही आहे, आणि ती मला सगळ्यात विलक्षण वाटते. नवशिका प्रोग्रॅमर कधीकधी सुरक्षेसाठी म्हणून सेशनलाच स्वतःचा एक पॉइंटर स्वतःत ठेवायला लावतो. मग काय होतं? सगळे हँडलर परतले, गाडी कायमची गेली, जगात कुणालाच त्या सेशनची गरज उरली नाही, तरी मोजणी एकावर अडून राहते. कारण ते स्वतःलाच धरून बसलेलं असतं. ते मरत नाही, आणि जगतही नाही. नुसती जागा अडवतं. जो स्वतःला दुसऱ्यांच्या हाती ठेवतो तो काम संपल्यावर शांतपणे जातो, आणि जो स्वतःला स्वतःच धरतो त्याला निर्वाण नाही. हे मी रूपक म्हणून लिहीत नाही. मेमरीचा आलेख चढताना पाहिला आहे, कारण शोधलं आहे, आणि ते अक्षरशः हेच होतं.

दोघांचं मिळूनही हेच घडतं. सेशननं हँडलर आपल्याजवळ जपून ठेवला आणि हँडलरनं सेशन धरलं. बाहेरच्या सगळ्यांनी दोघांना सोडलं, तरी एकमेकांच्या भरवशावर दोघांची मोजणी एक. कॉलिन्स यांच्या रीतीतली ही उणीव हॅरॉल्ड मॅकबेथ यांनी १९६३ मध्येच दाखवून दिली होती. तृष्णेतून उपादान म्हणजे धरून ठेवणं, उपादानातून भव म्हणजे होत राहणं, आणि ते चाक फिरतच राहतं. आपल्या परंपरेनं ज्याला भवचक्र म्हटलं, ते मला त्या दोन निरुपयोगी वस्तूंच्या मिठीत नीट समजलं.

यावर जो उपाय आहे तो मला फार आवडतो. त्याला वीक पॉइंटर म्हणतात. तो वस्तूला ओळखतो पण जिवंत ठेवत नाही. वापरण्याआधी प्रत्येक वेळी विचारतो, ‘आहेस का?’ उत्तर ‘हो’ असेल तर त्या कामापुरतं घट्ट धरतो, काम झालं की सोडतो. ‘नाही’ असेल तर मुकाट परत फिरतो, जुन्या पत्त्यावर काही लिहीत नाही. टाइमरच्या हाती असाच पॉइंटर हवा. गाडीवर लक्ष ठेवणं हे त्याचं काम आहे, तिला अडकवून ठेवणं नाही. चार ब्रह्मविहारांत मेत्ता, करुणा, मुदिता यांच्यानंतर उपेक्षा येते. व्यवहारात आपण तो शब्द दुर्लक्षासाठी वापरतो. धम्मात ती लक्ष देण्याचीच एक रीत आहे. पाहायचं, पण पकडायचं नाही. कोणतं नातं घट्ट पॉइंटरचं आणि कोणतं उपेक्षेचं, हे ठरवणं म्हणजेच सर्व्हरची रचना करणं. उरलेलं टायपिंग.

इथवर धरणं आणि सोडणं यांचा हिशोब नीट बसतो. अडचण येते ती रद्द करण्यात.

लिनक्समधल्या इपोल या जुन्या सोयीत कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, फक्त कळवतो की मजकूर आला आहे, तो उचलून आपल्या बफरमध्ये, म्हणजे मजकूर ठेवायच्या मेमरीतल्या जागेत, आपणच घ्यायचा असतो. आपण निघून गेलो तर निदान कुणी आपल्या जागी काही लिहीत नाही. विंडोजच्या कंप्लिशन पोर्टमध्ये आणि २०१९ मध्ये लिनक्सच्या ५.१ आवृत्तीत आलेल्या आयओ-युरिंगमध्ये तसं नसतं. तिथे आपण कर्नलला बफर देऊन ठेवतो आणि कर्नल स्वतः त्यात लिहितो. आपण ‘रद्द कर’ म्हटलं, तरी त्या क्षणी त्याचं लिहिणं सुरू असू शकतं. म्हणून रद्द करण्याची विनंती केल्यावरही बफर मोकळा करता येत नाही. ‘झालं’ किंवा ‘रद्द झालं’, यांपैकी एक निरोप येईपर्यंत थांबावंच लागतं. आपण सोडायचं ठरवलं एवढ्यानं सुटका होत नाही. ज्यांच्या हाती आपलं काही आहे त्यांनीही ते सोडल्याचं सांगावं लागतं.

हे समजल्यावर मी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मधलं परिव्रज्येचं, म्हणजे सिद्धार्थानं घर सोडण्याचं, प्रकरण वेगळ्या कानांनी ऐकलं. आषाढी पौर्णिमेपासून अश्विनी पौर्णिमेपर्यंत वर्षावासात आमच्याकडे विहारात या ग्रंथाचं वाचन होतं. बायाबापड्या दिवसभराचं काम आटोपून येतात, एकजण वाचतो आणि बाकीचे ऐकतात. बाबासाहेबांचा हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी जी परंपरागत कथा बाजूला ठेवली ती सगळ्यांना माहीत आहे. म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून सिद्धार्थ विरक्त झाला आणि झोपलेल्या बायको-मुलाला सोडून मध्यरात्री निघून गेला. एकोणतीस वर्षांच्या माणसानं तोवर मरण पाहिलंच नसेल हे बाबासाहेबांना पटलं नाही. त्यांच्या मांडणीत कारण आहे रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात पेटलेला तंटा. सिद्धार्थ युद्धाला विरोध करतो. शाक्य संघाचा निर्णय बहुमतानं युद्धाच्या बाजूनं जातो. मग त्याच्यापुढे पर्याय येतात: सैन्यात जाणं, देहान्त किंवा देशत्याग, नाहीतर घराण्यावर बहिष्कार आणि जमिनीची जप्ती. आपल्यापायी घरच्यांना शिक्षा नको म्हणून तो परिव्राजक व्हायचं ठरवतो.

आणि मग तो घरी जातो. रात्री चोरून निघत नाही. वडिलांशी बोलतो, सांभाळणाऱ्या आईशी, गौतमीशी बोलतो, पत्नी यशोधरेशी बोलतो. यशोधरा खंबीरपणे त्याच्या निर्णयाला संमती देते, मुलगा राहुल आणि सासू-सासरे यांची जबाबदारी आपल्याकडे घेते. त्यानंतर तो निघतो.

लहानपणी मला हा बदल फक्त बुद्धिवादाचा वाटायचा. आता त्यात मला नीतीचा एक पूर्ण सिद्धान्त दिसतो. त्याग जुन्या कथेतही आहे आणि या कथेतही. फरक आहे तो मागे राहिलेल्यांत. जुन्या कथेत सकाळी उठून कुणीतरी त्या खोलीत जाणार आहे आणि जागा रिकामी सापडणार आहे. बाबासाहेबांच्या कथेत प्रत्येक हाताला कळवलं आहे, प्रत्येक हातानं स्वतः सोडलं आहे, आणि जे सोडता येत नाही, म्हणजे राहुल, ते दुसऱ्या हातात सोपवलं आहे. तृष्णा सोडणं आणि माणसं टाकून देणं यांतला फरक इतका नेमका दुसऱ्या कुठल्या ग्रंथात मी पाहिलेला नाही. ज्याला आपण वैराग्य म्हणतो त्याचा बराचसा भाग परत येणाऱ्यांची वाट न पाहता खोली मोकळी करणं असतो, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याचे घाव सोडणाऱ्याला लागत नाहीत. रात्रीच्या गर्दीतल्या त्या भलत्याच गाडीसारखे ते दुसऱ्यावर उमटतात.

मग सक्तीनं हे थांबवता येईल का? रस्ट नावाच्या भाषेनं प्रयत्न केला आहे. तिची पहिली स्थिर आवृत्ती मे २०१५ मध्ये आली. तिच्यात प्रत्येक गोष्टीला एक मालक असतो. उसनवारी किती काळ चालेल हे प्रोग्रॅम तयार होतानाच तपासलं जातं. नेहमीच्या सुरक्षित रस्टमध्ये पुसलेल्या वस्तूला हात लावणारा कोड तयारच होत नाही. मी ती भाषा मनापासून मानते. पण पहिली आवृत्ती यायच्या थोडं आधी तिच्या कर्त्यांपुढे तोच जुना प्रश्न आला: एकमेकांना धरून बसलेल्या दोन वस्तू कशा थांबवायच्या? त्यांनी प्रामाणिकपणे मान्य केलं की भाषेच्या नियमांनी ते थांबवता येणार नाही. वस्तू कायमची विसरून जाणं, तिला कधीच न संपवणं, हे रस्टमध्ये सुरक्षित मानलं जातं. म्हणजे वेळेआधी संपवण्याला नियम बंदी घालू शकतो. वेळेवर सोडायला मात्र तो कुणाला भाग पाडू शकत नाही. पहिल्याला शील पुरेसं आहे, दुसऱ्याला प्रज्ञा लागते. त्यामुळे बुद्धानं तृष्णेवर इतका भर का दिला हेही मला कळलं. ते काम कुठलीच व्यवस्था आपल्यासाठी करून देणार नव्हती.

अलीकडे एक शिस्त रुजते आहे. पायथनमधल्या ट्रायो या ग्रंथालयाच्या निमित्तानं नॅथॅनिएल स्मिथ यांनी २०१८ मध्ये ती ठामपणे मांडली. ज्यानं कामं बाहेर पाठवली त्यानं ती सगळी परत येईपर्यंत आपली जागा सोडायची नाही. एखादं काम बिघडलं तर बाकीच्यांना परत बोलवायचं, पण तरी थांबायचं. मला यात नवं काही वाटलं नाही, खाणीत हे आधीच घडलं होतं. नोव्हेंबर १९८९ मध्ये राणीगंजच्या महाबीर खाणीत पाणी शिरलं आणि माणसं खाली अडकली, तेव्हा जसवंतसिंग गिल या अभियंत्यानं जमिनीत नवं भोक पाडून पोलादी कॅप्सूल सोडली. त्यात बसून ते स्वतः खाली उतरले. ६५ कामगार एकेक करून वर आले. गिल सगळ्यांत शेवटी आले. ही गोष्ट आमच्या कॉलरीत आम्हांला शाळेत नाही, घरी सांगितली गेली.

वणी, यवतमाळ, चंद्रपूरकडची मुलं-मुली आता या कामात येत आहेत आणि कधीकधी मला विचारतात, असिंक्रोनस सर्व्हर कुठून शिकायला सुरुवात करू? पुस्तकं मी सांगतेच. त्याबरोबर एक विनंती करते, आणि ती इथेही करते. सेशन पुसणारी ओळ लिहिण्याआधी कागदावर यादी करा: या क्षणी याच्यासाठी कोणकोण बाहेर गेलं आहे, प्रत्येकाचा परतीचा निरोप कुठे येणार आहे, आणि काम रद्द झालं तरी तो येणार आहे का. एका नावापुढेही उत्तर रिकामं असेल, तर ती ओळ लिहू नका. आणि येत्या वर्षावासात जवळच्या विहारात परिव्रज्येचं प्रकरण वाचलं जाईल त्या संध्याकाळी जरूर जा. ते फार लांब नाही. यशोधरेचं उत्तर लक्ष देऊन ऐका.